सोन्याचं गाव, पण यादीत सोनं नाही

जुलै २०२५ मध्ये रायगड, शिवनेरी, पन्हाळा, सिंधुदुर्ग असे महाराष्ट्रातले अकरा किल्ले आणि तमिळनाडूतली जिंजी यांना मिळून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. पेढे वाटून झाल्यावर एक प्रश्न बऱ्याच घरांत निघाला. ही यादी ठरते तरी कशी? आणि बारा किल्ले मिळून एकच वारसा कसा?

हे समजून घ्यायला त्याच यादीतलं एक चमत्कारिक उदाहरण घेऊ. कॅनडाच्या पार वायव्येला, ध्रुववृत्ताच्या साधारण २८० किलोमीटर दक्षिणेला, युकॉन नदीच्या काठी डॉसन सिटी आहे. नावात सिटी, लोकसंख्या मात्र दीड हजाराच्या आसपास. आपल्याकडे एवढ्या वस्तीत ग्रामपंचायत असते. सप्टेंबर २०२३ मध्ये रियाधच्या ज्या बैठकीत शांतिनिकेतन यादीत आलं, त्याच बैठकीत हे गावही आलं.

तिथे प्राचीन मंदिर नाही, राजवाडा नाही, तटबंदी नाही. रस्ते मातीचे, पायवाटा फळ्यांच्या, घरं लाकडी. खऱ्या वैभवाचा काळ मोजायचा तर तीन वर्षं भरतात की नाही शंका. १८९६ मध्ये जवळच्या ओढ्यांत सोनं सापडलं, माणसांचा लोंढा आला आणि ओसरलाही. बरं, सोन्यामुळे तरी हे गाव यादीत आलं म्हणावं, तर नोंदीत सोन्याचे ओढेच नाहीत. ते वगळले आहेत, आणि तेही विचार करून.

गोल्ड रश आणि खाण यांत फरक काय?

सोन्याची खाण म्हटलं की आपल्याला कोलार आठवतं. कोलारला सोनं खडकाच्या शिरांमध्ये होतं. ते काढायला तीन किलोमीटरहून खोल जावं लागलं, म्हणून यंत्रं आली, ब्रिटिश कंपनी आली, पगारी मजूर आले. २००१ मध्ये ती खाण बंद झाली. या साऱ्या इतिहासात एकट्यादुकट्या माणसाला फावडं घेऊन नशीब आजमावायला जागा नव्हती.

डॉसनजवळचं सोनं वेगळं होतं. डोंगरातल्या शिरा लाखो वर्षं झिजल्या, त्यातले कण पाण्याबरोबर ओढ्यात आले आणि वाळू-गोट्यांच्या तळाशी साचले. अशा साचलेल्या सोन्याला ‘प्लेसर’ म्हणतात. सोनं पाण्याच्या एकोणीसपटीहून जड, साध्या दगडाच्या सातपट. त्यामुळे ते नेहमी तळ गाठतं. ताटलीत वाळू आणि पाणी घेऊन गोल हलवत राहिलं की हलकं वाहून जातं, जड मागे राहतं. सूप घेऊन धान्य पाखडणाऱ्या बाईला हे शिकवावं लागणार नाही, फक्त इथे वाऱ्याचं काम पाणी करतं.

यात भूगर्भाचाही एक योगायोग आहे. हिमयुगात कॅनडाचा बहुतेक भाग बर्फाच्या प्रचंड थरांखाली होता आणि त्या बर्फानं जमीन खरवडून काढली. हा कोपरा त्यातून सुटला. म्हणून ओढ्यांच्या तळाचं सोनं जागच्या जागी राहिलं.

ताटली, फावडं आणि ‘क्लेम’ एवढं भांडवल पुरेसं होतं. क्लेम म्हणजे ओढ्याकाठचा आखून दिलेला तुकडा. चार खुंट्या ठोकायच्या, सरकारी कचेरीत नोंद करायची, मग त्या तुकड्यातलं सोनं काढायचा हक्क तुमचा. कोणीही करू शकतं म्हणूनच सगळे धावतात. गोल्ड रश म्हणतात तो हाच प्रकार.

सोनं शोधलं कोणी?

ऑगस्ट १८९६ मध्ये रॅबिट क्रीक नावाच्या ओढ्यावर चौघं जण होते. टॅगिश या आदिवासी समाजातला कीश, ज्याला गोरे ‘स्कूकम जिम’ म्हणत. त्याचा भाचा डॉसन चार्ली. कीशची बहीण शॉ त्ला, म्हणजे केट. आणि केटचा गोरा नवरा जॉर्ज कारमॅक. पहिला कण नेमका कोणाच्या नजरेस पडला यावर अजून वाद आहे. कीशच्या घरच्यांच्या सांगण्यानुसार तो कीशच्याच.

शोध लावणाऱ्याला नियमानं एकाऐवजी दोन क्लेम मिळत. ते कारमॅकच्या नावावर लागले. आदिवासी माणसाच्या नावानं केलेली नोंद टिकणार नाही, असं त्यानं बाकीच्यांना पटवलं असं सांगतात. पुढे चौघंही श्रीमंत झाले, आणि १९०० मध्ये कारमॅकनं केटला सोडलं. तिचं नाव शोधकर्त्यांच्या पंगतीत यायला पुरुषांपेक्षा बराच जास्त काळ जावा लागला. रॅबिट क्रीकचं नाव बदलून बोनान्झा झालं, त्याला मिळणारा एक ओढा एल्डोराडो झाला, आणि आसपासच्या छावण्यांतले जुने खाणवाले त्या हिवाळ्याआधीच चांगले क्लेम ठोकून बसले.

पुढची सगळी शोकांतिका या शेवटच्या वाक्यात आहे.

एक लाख निघाले, मग पोचले किती?

जगाला बातमी कळली तब्बल अकरा महिन्यांनी. जुलै १८९७ मध्ये दोन जहाजं सॅन फ्रान्सिस्को आणि सिएटलच्या बंदराला लागली आणि त्यांतून सोन्याच्या थैल्या घेऊन कळकट माणसं उतरली. अमेरिकेत तेव्हा मंदी होती, बँका बुडाल्या होत्या, लोक कामाला मोताद होते. वर्तमानपत्रांनी टनभर सोन्याचे मथळे दिले. कारकून, शिक्षक, ट्रामचे ड्रायव्हर नोकऱ्या सोडून निघाले.

सर्वसाधारण अंदाज असा: सुमारे एक लाख लोक निघाले, तीस ते चाळीस हजार पोचले, आणि सोनं मिळालं जेमतेम चार हजारांना.

वाट अलास्काच्या किनाऱ्यावरून चिलकूट नावाच्या खिंडीतून जायची. कॅनडाच्या पोलिसांनी सरहद्दीवर नियम लावला होता की वर्षभराचा शिधा सोबत असल्याशिवाय आत सोडायचं नाही. अवजारं धरून ओझं टनाच्या घरात जायचं. जनावर त्या चढावर चालत नाही, त्यामुळे माणूस पाठीवर पंचवीस-तीस किलो घेऊन वर जायचा, ठेवायचा, घसरत खाली यायचा, पुन्हा वर. असे पंचवीस-तीस हेलपाटे. शेजारच्या व्हाइट पासच्या वाटेवर घोडे नेता यायचे, पण तिथे इतके घोडे मेले की तिला मेलेल्या घोड्यांची वाट असंच नाव पडलं. हा नियम जाचक वाटेल. माझ्या मते मात्र त्या सगळ्या वेडेपणातली शहाणी गोष्ट तेवढी एकच होती. तो नसता तर डॉसनमध्ये हिवाळ्यात उपासमारीनं हजारो मेले असते.

खिंड ओलांडून लोकांनी तळ्याकाठी झाडं तोडून होड्या बांधल्या. मे १८९८ च्या अखेरीस बर्फ फुटलं आणि सात हजारांवर होड्या एकदम नदीत उतरल्या. आठशेहून जास्त किलोमीटर वाहत जाऊन ते डॉसनला लागले तेव्हा कळलं की चांगल्या ओढ्यांवर एक तुकडाही मोकळा नाही. दोन वर्षांपूर्वीच सगळं संपलं होतं.

मग पैसा कोणी केला? ज्यो लाड्यूनं सोनं शोधलंच नाही. त्यानं नद्यांच्या संगमावरची दलदलीची सपाट जागा गाव वसवायला म्हणून नोंदवली, शेजारी लाकूड कापायची गिरणी टाकली, आणि भूखंडही विकले, फळ्याही विकल्या. बेलिंडा मलरूनी कापड आणि गरम पाण्याच्या रबरी पिशव्या घेऊन आली आणि बघता बघता तिनं गावातलं सर्वांत झकपक हॉटेल उभं केलं. १८९८ मध्ये डॉसन युकॉन प्रांताची राजधानी झाली, वस्ती तीस हजारांच्या घरात गेली. एप्रिल १८९९ च्या आगीत शंभरावर इमारती जळाल्या, लोकांनी त्या पुन्हा बांधायला घेतल्या, आणि त्याच उन्हाळ्यात अलास्काच्या नोम किनाऱ्यावर सोनं सापडल्याची खबर आली. हजारो लोक काही आठवड्यांत निघून गेले.

जमीनच गोठलेली, म्हणजे काय?

डॉसनचा स्वभाव समजायचा तर एक शब्द घ्यावा लागेल: पर्माफ्रॉस्ट. जी जमीन सलग दोन वर्षं किंवा त्याहून अधिक काळ शून्य अंशाच्या वर जात नाही ती पर्माफ्रॉस्ट. उन्हाळ्यात वरचा हात-दीड हात थर विरघळतो, चिखल होतो. खाली बर्फानं सांधलेली माती दगडासारखी टणक.

खाणवाल्यांना याचा त्रास होता आणि फायदाही. ते चक्क हिवाळ्यात खणायचे. उणे चाळीसच्या थंडीत खड्ड्यात लाकडं पेटवायची, रात्रभरात फूटभर माती नरम व्हायची, ती उपसायची, पुन्हा पेटवायचं. भिंती गोठलेल्या असल्यामुळे विहीर ढासळायची भीती नाही. उन्हाळ्यात तेच काम अशक्य, कारण पाणी भरायचं. वर साठवलेला ढीग वसंतात पाणी सुटलं की धुवायचा. आपला क्लेम पिकला की नाही, हे सहा-आठ महिने राबल्यावर कळायचं. या सरपणापायी आसपासचे डोंगर उघडे पडले.

घरांचं दुखणं उलटं. आत शेकोटी पेटवली की उष्णता खाली उतरते, पाया विरघळतो, घर एका अंगाला कलतं. थर्ड अव्हेन्यूवर दोन जुन्या इमारती एकमेकींवर इतक्या झुकल्या आहेत की गावकरी त्यांना चुंबन घेणाऱ्या इमारती म्हणतात. गोठलेली जमीन काय करते हे दिसावं म्हणून कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यान खात्यानं त्या तशाच ठेवल्यात. बाकीची घरं खडीच्या थरावर, लाकडी ठोकळ्यांवर उभी असतात आणि मधूनमधून जॅक लावून सरळ करावी लागतात.

हीच जमीन वस्तू सांभाळूनही ठेवते. मूकपटांच्या काळात डॉसन हे चित्रपट वितरणाचं शेवटचं टोक होतं. रिळं परत पाठवायचा खर्च कंपन्यांना नको असायचा, म्हणून ती गावातच साचली. १९२९ मध्ये त्यांतली बरीचशी एका जुन्या पोहण्याच्या तलावात भर म्हणून टाकली आणि वर बर्फाचं मैदान केलं. १९७८ मध्ये खोदकामात पाचशेहून अधिक रिळं निघाली. त्या काळातली फिल्म भडकन पेट घेते, नाहीतर सडून जाते. यांतले कितीतरी चित्रपट जगात दुसरीकडे उरलेले नव्हते.

आधी तिथे कोणी राहत नव्हतं का?

राहत होतं, आणि यादीचं खरं कारण इथे आहे. क्लोंडाइक नदी युकॉनला मिळते त्या संगमावर ट्रोचेक नावाची जागा होती. ट्रॉन्डेक ह्वेचिन लोक उन्हाळ्यात तिथे सॅमन मासे धरायचे, वाळवायचे, हिवाळ्याची बेगमी करायचे. सोनं सापडल्यावर काही महिन्यांत त्यांच्या जागेवर फळ्यांची वस्ती उभी राहिली. झाडं गेली, शिकार दूर पळाली, रोग आणि दारू आली.

त्यांचे प्रमुख चीफ आयझॅक यांनी १८९७ मध्ये आपल्या लोकांना नदीच्या खालच्या अंगाला पाचेक किलोमीटरवर मूसहाइड इथे हलवलं. त्यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि या सगळ्या हकिकतीत मला तीच सर्वांत दूरदृष्टीची वाटते. या गर्दीत आपली गाणी आणि नाच टिकणार नाहीत हे ओळखून त्यांनी ती, नाचात वापरायच्या काठीसह, अलास्कातल्या नातलगांकडे सोपवली. तिथे ती जपली गेली आणि शंभरेक वर्षांनी, १९९० च्या दशकात, नातवंड-पतवंडांनी ती परत शिकून आणली. १९९८ मध्ये ट्रॉन्डेक ह्वेचिन लोकांचा कॅनडाशी जमीन आणि स्वशासनाचा करार झाला. ट्रोचेकची जागा आज त्यांच्या ताब्यात आहे.

सोनं गेलं, तरी गाव का राहिलं?

सोनं पुरतं गेलंच नाही, फक्त एकट्या माणसाचं राहिलं नाही. कंपन्यांनी ओढेच्या ओढे विकत घेतले आणि ड्रेजर आणले. ड्रेजर म्हणजे आपणच केलेल्या डबक्यात तरंगणारा कारखाना. पुढून लोखंडी बादल्यांची साखळी खडी ओरबाडते, पोटात सोनं वेगळं होतं, मागून खडी बाहेर पडते. १९१२ मध्ये बांधलेला आठ मजली उंचीचा चौथ्या क्रमांकाचा ड्रेजर आज बोनान्झावर बघायला ठेवलाय. या यंत्रांनी टाकलेले खडीचे वेडेवाकडे ढिगारे विमानातून अळ्यांसारखे दिसतात.

दरम्यान महामार्ग डॉसनला बगल देऊन गेला, १९५३ मध्ये राजधानी व्हाइटहॉर्सला हलली आणि १९६६ मध्ये बड्या ड्रेजर कंपनीनं गाशा गुंडाळला. तोवर सरकारला पर्यटनाची कल्पना सुचली होती. १८९९ चं पॅलेस ग्रँड नाट्यगृह १९६२ मध्ये नव्यानं बांधलं, १९७१ मध्ये कॅनडातला पहिला कायदेशीर जुगारखाना सुरू झाला. एका हॉटेलात दारूच्या पेल्यात मीठ लावून वाळवलेलं माणसाच्या पायाचं खरं बोट टाकून देतात. लोक त्यासाठी रांग लावतात, त्याला इलाज नाही.

मग युनेस्कोनं नेमकं काय नोंदवलं?

पहिला अर्ज २०१७ मध्ये गेला होता. त्यात गाव, ओढे, खाणी असा मोठा टापू होता. त्यावर दोन अंगांनी अडचण आली. क्लेमवाल्यांना धास्ती होती की वारसा झाला की खोदकामावर बंधनं येतील. आणि युनेस्कोला सल्ला देणाऱ्या तज्ज्ञ संस्थेला, म्हणजे इकोमॉसला, सोन्याचा दावा पटला नाही. गोल्ड रश कॅलिफोर्नियात झाला, ऑस्ट्रेलियात झाला. त्यात इथलं जगावेगळं काय? २०१८ मध्ये तो अर्ज मागे घेतला गेला.

दुसऱ्या अर्जानं प्रश्नच बदलला. १८७४ मध्ये पहिलं व्यापारी ठाणं आल्यापासून १९०८ पर्यंत, अवघ्या चौतीस वर्षांत, इथल्या मूळ लोकांवर वसाहतवाद कसा आला आणि त्यांनी त्याला कसं तोंड दिलं, हे जमिनीवरच्या खुणांतून दाखवता येतं का? येतं. व्यापारी ठाणं, पोलिसांची चौकी, फॉर्टी माइल हे आधीचं खाणगाव, एक दफनभूमी, ट्रोचेक, डॉसन, मूसहाइड अशी एकूण आठ ठिकाणं मिळून ही कथा पुरी होते. अशा नोंदीला मालिका-नोंद म्हणतात. एकट्या ठिकाणाला अर्थ अपुरा, सगळी मिळून पुरा. आपल्या बारा किल्ल्यांचंही तसंच आहे. सह्याद्रीतला साल्हेर आणि समुद्रातली खांदेरी वेगवेगळे पाहिले तर दोन किल्ले, एकत्र पाहिले तर एक लष्करी व्यवस्था.

अधिकृत नाव आहे ‘ट्रॉन्डेक-क्लोंडाइक’. दोन्ही नावं एकाच नदीची: आधी मूळ लोकांच्या भाषेतलं, मग गोऱ्यांच्या तोंडी झालेला त्याचा अपभ्रंश. निकष चौथा: मानवी इतिहासातला महत्त्वाचा टप्पा दाखवणारं ठळक उदाहरण. हाच निकष किल्ल्यांनाही लागला आहे.

हा तर अन्यायाचा वारसा झाला, त्यात मिरवायचं काय?

वारसा म्हणजे अभिमानाची गोष्ट, हे आपण घरगुती अर्थानं म्हणतो. यादीत ऑशविट्झची छळछावणी आहे, हिरोशिमातली बॉम्बनं उरलेली इमारत आहे. डॉसनच्या नोंदीत मात्र अन्यायाइतकाच तगून राहण्याचाही भाग आहे. मूसहाइडला दर दोन वर्षांनी मेळावा भरतो आणि परत आणलेली गाणी तिथे गायली जातात.

खोदकाम चालूच आहे, मग जपलं काय?

हा आक्षेप खरा आहे. सोन्याचे भाव चढले की ओढ्यांवर यंत्रांची घरघर वाढते, आणि यादीतून ओढे वगळल्यामुळे तिथे युनेस्कोचा काही शब्द चालत नाही. मला ही तडजोड पटते, पण तिला तडजोडच म्हणायला हवं.

तरी १८९६ आणि आज यांत फरक पडलाय. जून २०२२ मध्ये डॉसनजवळ युरेका क्रीकवर एक क्लेमवाला माती काढत असताना गोठलेल्या भिंतीतून मॅमथचं, म्हणजे हिमयुगातल्या केसाळ हत्तीचं, अख्खं पिल्लू निघालं. तीस हजार वर्षांहून जुनं, सोंड, कातडी, केसांसकट. काम थांबलं, शास्त्रज्ञांना फोन गेले आणि ट्रॉन्डेक ह्वेचिन समाजातली वडीलधारी माणसं आली, त्यांनी प्रार्थना केली. पिल्लाचं नाव त्यांच्या भाषेत ठेवलं, ‘नुन चो गा’. करारामुळे अशा सापडलेल्या गोष्टीत त्यांना विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

नदीचं मात्र करार करून भागत नाही. युकॉनमधले चिनूक सॅमन इतके घटले की २०२४ मध्ये कॅनडा आणि अलास्का यांनी त्यांची मासेमारी सात वर्षं थांबवली. ट्रोचेकची जागा परत मिळाली, पण जे धरायला तिथे जायचं ते आज धरता येत नाही. दर वसंतात नदीचं बर्फ कधी फुटेल यावर गावात पैजा लागतात आणि फुटल्याच्या तारखांची नोंद १८९६ पासून आहे. पैजेसाठी ठेवलेली ही वही हवामानाच्या अभ्यासकांना आयती मिळाली. बर्फ आता शतकापूर्वीपेक्षा सरासरीनं लवकर फुटतं.

गावकऱ्यांचं काय?

नियम जाचतात. नवं घर बांधायचं तर दर्शनी भाग गोल्ड रशच्या काळाला शोभेल असा हवा. त्या काळी एकमजली खोपटापुढे उंच फळ्यांची भिंत उभारायचे, म्हणजे रस्त्यावरून दुमजली वाटावं. आज ही थापेबाजी नियमानं जपावी लागते. काहींना यात गावाचं नाटक झाल्यासारखं वाटतं. त्यात वर जमीन विरघळतेय, म्हणजे घर सरळ ठेवायचा खर्च वाढता. यादीत नाव आल्यानं युनेस्को काही पैसे देत नाही, हे आपल्या किल्ल्यांबाबतही लक्षात ठेवलेलं बरं. देखभाल ज्याची त्यानंच करायची.

जगाचा वारसा म्हणजे कुणीही जावं का?

डॉसनला जरूर जावं. व्हाइटहॉर्सहून सव्वापाचशे किलोमीटरचा रस्ता आहे. कॅनडातली मराठी मंडळी उन्हाळ्यात गाडी काढून जाऊ शकतात. नदीवर पूल नाही, उन्हाळ्यात फेरी, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून रस्ता, आणि मधल्या दिवसांत पलीकडचे लोक पलीकडेच. मूसहाइड मात्र ट्रॉन्डेक ह्वेचिन लोकांचं आहे. मेळावा असेल तेव्हा पाहुण्यांना बोलावणं असतं, एरवी त्यांची परवानगी घेतल्याशिवाय तिथे होडी लावायची नाही.